पोचा राहू द्या

माझ्या दुकानात सगळ्यात जास्त बोलला जाणारा आणि सगळ्यात खोटा शब्द म्हणजे 'तात्पुरता'. माणूस नवं घर बांधतो, फरशी घालतो, दारावर गणपतीची टाइल बसवतो आणि मग भोरला माझ्याकडं येऊन म्हणतो, "तात्या, एक जुना फ्रीज द्या. कसाबी चालंल. तात्पुरताच पायजे." आजवर तात्पुरता म्हणून गेलेला एकही फ्रीज परत आलेला मला आठवत नाही. वेल्ह्याला बदलीवर आलेले एक मास्तर वर्षभराची सोय म्हणून एक घेऊन गेले. वेल्ह्यातच रिटायर झाले आणि जाताना तो शाळेच्या शिपायाला देऊन गेले. शिपाई परवा भेटला. म्हणाला, नवीन घेईपर्यंत तोच चालवतोय.

जुने फ्रीज घ्यायचे, दुरुस्त करायचे, रंग मारून विकायचे, हा माझा धंदा. शाळा चौथीत सुटली, त्याचं मला काही वाटत नाही. मुलगा म्हणतो, आता बास करा. माझे गुडघेही तेच म्हणतात. गुडघ्यांचं ऐकत नाही तर ह्याचं कशाला ऐकू?

ज्यांना ह्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यावरच झाला. लोकांना वाटतं फ्रीज गारवा तयार करतो. तसं काही नसतं. फ्रीज म्हणजे हमाल. आतली ऊब पाठीवर घेतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. म्हणून तर मागं हात लावला की चटका बसतो. हा हमाल म्हणजे खालचा काळा डबा, कॉम्प्रेसर. त्याच्या पोटात तेल असतं. फ्रीज आडवा केला की ते तेल नळ्यांमध्ये शिरतं. अशा वेळी फ्रीज उभा करून रात्रभर नुसता ठेवायचा, तेल आपोआप खाली उतरतं, मग बटण दाबायचं. घाट चढून आलेला बैल कुणी तसाच नांगराला जुंपत नाही. पण फ्रीज जुंपतात. मी प्रत्येकाला सांगतो की उभा न्या आणि लगेच लावू नका. प्रत्येकजण मान हलवतो. मान हलवणारा माणूस ऐकत नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

तसंच बर्फाचं. वरच्या कप्प्यात बर्फ धरला की बटण बंद करून वाट बघावी, तासाभरात सुटतो. पण वाट कोण बघणार? सुरी घेतात, उलथनं घेतात, एका घरात तर विळ्यानं खरवडला होता. पत्रा पातळ असतो, भोक पडतं, गॅस निघून जातो. मग मला फोन. "तात्या, फुस्स असा आवाज आला आन तवापासनं गार व्हईना. काय झालं असंल?" काय झालं असंल ते मी सांगत नाही. तोंडातून वाईट शब्द जातो.

तर बबनरावांचं सांगतो. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडं पोरांच्या लग्नांची धावपळ सुरू होते, त्या दिवसांतली गोष्ट. मार्गासनीच्या पुढं वेल्ह्याकडच्या अंगाला त्यांचं गाव. भातशेती. माणूस भला, पण डोक्यात सगळं वाकडं चालतं. दुकानात आले, स्टुलावर बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"तात्या, एक फ्रीज पायजे. तात्पुरता."

"किती तात्पुरता?"

"पोराचं लगीन हुईस्तवर."

"कवा हाय लगीन?"

"अजून ठरलं न्हाई."

मी हातातलं काम खाली ठेवलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. पोरगा अमोल, सारोळ्याच्या पुलापलीकडं कंपनीत कामाला. तिशी ओलांडली. एका पाव्हण्यानं घर मातीचं म्हणून नकार दिला, म्हणून बबनरावांनी स्लॅबचं घर बांधलं. ते बांधून झालं तर दुसरे पाव्हणे आले आणि म्हणाले, घर हाय, पण घरात काय हाय? आता येत्या रविवारी भोंगवलीचे लोक घर बघायला येणार होते. पोरगी दूध डेअरीत संकलनाला कामाला, हुशार, आणि अमोलला ती मनापासून पसंत. हे सांगताना बबनरावांचा आवाज जरा खाली आला. "पोरगं बोलत न्हाई तात्या, पन हे बी मोडलं तर ते पुन्यांदा कुणाला बघायला जायाचं न्हाई. आईला तसं म्हनलंय."

"मंग चांगला नवा घ्या की. हप्त्यावर मिळतो."

"नवा तर पोरीकडनंच येतोय."

"त्यास्नी तसं सांगितलंय?"

"असलं कुनी तोंडानं मागतं का आता? मागायचं न्हाई. त्यांनी घर बघायचं आन समजायचं."

"मंग कोपरा मोकळा ठेवा. बघत्याल आन समजत्याल."

"मोकळा ठेवला तर म्हनत्याल, घरात फ्रीज बी न्हाई."

"मंग फ्रीज ठेवा."

"ठेवला तर म्हनत्याल, हाय की ह्यांच्याकडं, आपन कशाला द्यायचा." बबनराव पुढं सरकले, जणू मला शेतीचं गुपित सांगतायत. "म्हनून जुना पायजे. असा की घराची लाज ऱ्हाईल, पन बघनाऱ्याला वाटलं पायजे, पोरीला नवा द्यावा."

इतकी वर्षं मी फ्रीज विकतोय. लोकांनी गार पाहिजे म्हणून नेले, बर्फ पाहिजे म्हणून नेले, एकानं तर तांदळाला उंदीर लागू नये म्हणून बंद पडलेला नेला. पण समोरच्याला दया यावी एवढाच जुना फ्रीज मागणारा माणूस पहिल्यांदा बघितला.

दुकानात एक मरून रंगाचा एका दाराचा होता. मशीन झकास, रबर मी नवीन घातलेला. रबर बघायची सोपी रीत सांगतो. दारात कागदाची चिठ्ठी धरून दार लावायचं आणि चिठ्ठी ओढायची. अडकली तर रबर चांगला, सुळकन आली तर गार हवाही तशीच जाते. बबनरावांच्या समोर मी चिठ्ठी ओढून दाखवली, ती फाटली पण निघाली नाही. त्यांचं लक्षच नव्हतं. ते मुठीजवळच्या पोच्याकडं बघत होते. कुणाच्या तरी घरात गॅसची टाकी त्या दारावर आदळली होती.

"हा पोचा आज भरतो," मी म्हणालो. "लांबी, म्हंजे पुट्टी, भरून घासला आन रंग मारला की शोधून सापडायचा न्हाई."

"नको. पोचा राहू द्या."

"काय म्हनता?"

"राहू द्या. बराबर हाय त्यो."

माझ्या हातून गेलेल्या वस्तूवर पोचा दिसला तर मला झोप लागत नाही. वाद घातला. रंगाचे पैसे घेत नाही म्हणालो. बबनराव हटले नाहीत. शेवटी मी म्हणालो, "न्या. पन माझ्या दुकानातनं नेला म्हनून कुनाला सांगू नका." आणि मग तेच नेहमीचं, उभा न्या, दोरी बांधा, आडवा करू नका, नेल्या नेल्या लावू नका. बबनरावांनी मान हलवली.

शनिवारी त्यांचा टेम्पो आला, मी स्वतः उभा राहून फ्रीज उभा बांधून दिला. रविवारी सकाळी चहा घेत होतो तर फोन.

"तात्या, तुमचा फ्रीज बंद पडला."

माझा नाही, तुमचा, हे मी मनात म्हणालो. फोनवर म्हणालो, "येतो." त्या पोच्यामुळं आधीच डोकं फिरलं होतं, वर माझं मशीन बंद पडलं हे कुणी म्हणालेलं मला चालत नाही. डिक्कीत हत्यारं टाकली आणि नसरापूरवरून गाडी मारली. ह्या वयात, ह्या गुडघ्यांवर.

घर खरंच छान बांधलं होतं. फ्रीज पुढच्या खोलीत, दारातून आत आलं की समोर दिसावा असा ठेवलेला. दारावर हळद-कुंकवाची पाच बोटं, वर फोडलेल्या नारळाचं पाणी वाळून चिकट झालेलं. मागं वाकून बघितलं तर जाळीत पेंढ्याच्या काड्या.

"आडवा आनला?"

"थोडासा," बबनराव म्हणाले.

"थोडासा आडवा कसा आनत्यात?"

त्यांच्या बायकोनं, हिराबाईंनी, पदर सावरत सांगितलं. गावाच्या अलीकडं टेम्पो थांबवून फ्रीज आडवा केला आणि वरून पेंढा टाकला. उभा दिसला असता तर गावानं बघितलं असतं, आणि फ्रीज कालच आला ही बातमी पाव्हण्यांच्या आधी भोंगवलीला पोचली असती. घरी आणल्यावर चांगली वेळ होती म्हणून पूजा केली, नारळ फोडला आणि लगेच बटण दाबलं. रात्रभर तो टक्क करून बंद पडत होता, पुन्हा गुरगुरत होता, पुन्हा टक्क. पहाटे अमोलनं पिन काढून टाकली, म्हणून निदान मशीन जळलं नाही.

मी खाली बसून काड्या उपटत होतो आणि बबनरावांच्या सात पिढ्यांना काय म्हणावं ते ठरवत होतो, तेवढ्यात बाहेर जीप वाजली. पाव्हणे ठरल्या वेळेच्या आधीच आले होते. बबनरावांनी झटकन पिन परत लावली, आतला दिवा लागावा म्हणून. मी म्हणालो, "काढा ती." ते म्हणाले, "तात्या, तुमी अमोलचे मामा."

"मी कुनाचा मामा न्हाई."

"त्याचा मामा आला न्हाई. तेवढं बसा."

मी नकोच म्हणणार होतो. पण हिराबाई मध्ये आल्या आणि इतकंच म्हणाल्या, "दादा, तेवढं बसा." मग बसलो. पक्कड खिशात, हाताला काळं.

भोंगवलीहून तिघं आलेली. पोरीचे वडील, पोरीची आत्या आणि पोरगी सारिका स्वतः. आता पोरी घर बघायला येतात, हे बरं झालंय. पूर्वी बाकीच्यांनीच बघायचं आणि हिनं नांदायचं. तिच्या हातात खरवसाचा डबा होता. हिराबाई डबा घ्यायला उठल्या, तर ती म्हणाली, "बसा तुमी, मी ठेवते," आणि थेट फ्रीजकडं गेली. पोच्याजवळची मूठ धरून दार उघडलं. आत दिवा. तिनं आत हात घातला, जरा वेळ तसाच ठेवला. डबा आत न ठेवता वर ठेवला आणि दार लावलं.

आत्या मात्र बोलकी होती. "मामा कुठले तुमी?"

"भोरचा."

"काय करता?"

"फ्रीज."

"म्हंजे मोठा धंदा हाय त्यांचा फ्रीजचा," बबनराव घाईनं म्हणाले. मला मामा केलं ती पहिली, ही त्यांची दुसरी चूक.

आत्यानं फ्रीजकडं बघितलं, पोच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आन सख्ख्या भाच्याला ह्यो दिला व्हय?"

माझं डोकं तिथंच तापायला लागलं. बबनराव हसल्यासारखं करून म्हणाले, "तात्पुरता हाय वो त्यो."

"तात्पुरता म्हंजे कुठवर?" हे सारिकानं विचारलं.

बबनराव तिच्या वडिलांकडं आशेनं बघत होते, आता हा माणूस समजेल. वडील स्लॅबकडं बघत होते. अमोल पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा, त्याला ह्यातलं काही माहीत नसावं असा चेहरा. तेवढ्यात मागून फ्रीज गुरगुरला आणि टक्क झाला.

"मामा, तुमी सांगा की," सारिका म्हणाली. "फ्रीजवाले तुमीच हाय ना."

मी बराच वेळ गप्प बसलो होतो. माझ्या मानानं फारच. "नवा तुमच्याकडनं येईस्तवर," मी म्हणालो. "आन मी मामा न्हाई, मेकॅनिक हाय. फ्रीज चांगला हाय. ह्यांनी पेंढ्याखाली आडवा घालून आनला आन नारळ फोडून लगेच लावला म्हनून बसलाय. पोचा मी भरून देत होतो, ह्यांनीच नको म्हनलं."

वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. आत्या उठली. वडील उठले. "चला, उन्हाच्या आत घरी पोचू," म्हणाले, हिवाळ्यात. हिराबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. अमोल तांब्या घेऊन तसाच माझ्याजवळ आला. मला वाटलं आता हा मला हाताला धरून बाहेर काढणार.

"तात्या, आता त्याला काय करायचं?"

"कुनाला?"

"फ्रीजला."

"पिन काढ. उभा ठेव. उद्या सकाळी एकदाच लाव. मधी हात लावू नको, कितीबी वाटलं तरी."

त्यानं तिथंच जाऊन पिन काढली. जीपमध्ये बसताना आत्या म्हणाली, "सारिका, डबा ऱ्हायला आपला." सारिका म्हणाली, "राहू दे."

बबनराव मला गाडीपर्यंत सोडायला आले. "तात्या, खरं बोलायला तुमाला आमचंच घर सापडलं."

मी किक मारली. चुकलो असं मला तेव्हा वाटलं नाही आणि अजून वाटत नाही. पण मार्गासनीला चहाला थांबलो आणि चहा तसाच ठेवून उठलो. फ्रीज मी हजारदा उघडून बसलोय. गॅस गेला तर भरता येतो, काळा डबा बसला तर बदलता येतो. हिराबाईंनी 'दादा' म्हटलं होतं, त्याचं काय करायचं ते मला येत नव्हतं. घरी आलो तर बायको म्हणाली, "झालं का काम?" मी म्हणालो, "झालं." पुढचे काही दिवस मी बबनरावांना फोन करत होतो, फ्रीज चालू झाला का एवढंच विचारायला. ते उचलत नव्हते.

त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी दुकानासमोर सारिका आणि तिची आत्या उभ्या. मी चष्मा पुसला.

"मामा, वळख हाय का?"

"मी मामा न्हाई म्हनून सांगितलं ना त्या दिवशी."

"एकदा झालात ते झालात. त्यो फ्रीज किती टिकंल?"

"चालू झाला असंल तर लई टिकंल. झाला का न्हाई तेच मला कुनी सांगंना."

तिनं मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. फोटो होता. बर्फाचा ट्रे, पांढराशुभ्र, भरलेला. शेजारी त्यांचा खरवसाचा डबा, घासून पालथा घातलेला.

"सोमवारी संध्याकाळी आला," ती म्हणाली. "खाली काय सुदिक लिवलं न्हाई."

"म्या म्हनलं, ह्यो कसला पोरगा," आत्या म्हणाली. "माफी न्हाई, बोलनं न्हाई, पोरीला बर्फाचा फोटो धाडतोय."

"तुमी हात लावू नको म्हनलं, त्यानं न्हाई लावला," सारिका म्हणाली. "डेअरीत मी रोज सांगते, दूध थंड व्हायच्या आधी झाकन उघडू नका. एक मानूस ऐकत असंल तर शप्पथ. मी त्याला फोन केला. म्हनलं, नवा फ्रीज येनार न्हाई. भांडी येतील, कपाट येईल का ते आमी बघू, पन फ्रीज हाच. चालंल का?"

"मंग?"

"चालंल म्हनला. त्याच्या आई बी चालंल म्हनल्या."

"आन बबनराव?"

"ते अजून बोलत न्हाईत कुनाशी."

मी हसलो नाही, पण हसू येत होतं. ती जायला वळली आणि परत फिरली. "पन मामा, त्यो पोचा तेवढा काढून द्या. रोज माझाच हात तिथं लागनार."

"लग्नाच्या आधी पायजे?"

"आधीच."

"कवा हाय लगीन?"

"अजून ठरलं न्हाई. तुमी पोचा काढा, मंग बोलनी करायला बसू म्हनले बाबा."

दोन दिवसांनी बबनरावांचा टेम्पो दुकानासमोर लागला. फ्रीज मागं उभा, दोन्ही बाजूंनी दोरी, वर एक काडी पेंढा नाही. त्यांच्या गावापासून भोरपर्यंत सगळ्यांनी बघितला असणार. बबनराव पुढून उतरले, माझ्याकडं न बघता स्टुलावर बसले, टोपी मांडीवर ठेवली.

"रंग कुठला मारायचा ते पोरीला इचारा. आमाला काय इचारू नका."

"बरं."

मी पोच्यावरून अंगठा फिरवला. खोल नव्हता. लांबीचा एक हात, वाळू द्यायचा, घासायचा, परत एक हात, परत वाळू द्यायचा. मी तसं सांगितलं. बबनरावांनी नेहमीसारखी मान हलवली नाही.

"म्हंजे दिवस लागनार."

"लागनार."

"घरात दुधाचं वांधं व्हतंय. हिराला सवय लागली गार पान्याची." माझ्या दुकानात भिंतीला लावून ठेवलेल्या फ्रीजांवरून त्यांनी नजर फिरवली, कुणाला न विचारता एकाचं दार उघडलं, बंद केलं, खिशातून एसटीचं जुनं तिकीट काढून दारात धरलं आणि ओढून बघितलं. निघालं नाही.

"तोवर ह्यो द्या," ते म्हणाले. "तात्पुरता."